डोंगरावरची हजेरी

संजीवनीकाकू मोजे पिळत होती. डोंगरातून दगडी तोटीनं पाणी धबाधबा पडायचं, नेपाळातल्या त्या गावातले लोक त्याला धारा म्हणायचे. पाणी इतकं गार की बोटं आहेत का गळून पडली तेच कळेना. दीनाकाकाचे मोजे, दीनाकाकाचा बनियन, तिची एक ओढणी. एक मोजा पिळून झाला तशी तिनं सवयीनं मान वर केली. वरच्या अंगणात नाचणी वाळत घातलेली होती आणि तिच्याशेजारी मोडा, म्हणजे बांबूचं बुटकं स्टूल. सकाळपासून काका त्या मोड्यावर बसून कोंबड्या हाकलत होता.

मोडा होता. काका नव्हता.

"संडासला गेले असतील," काकू स्वतःशीच म्हणाली आणि बनियन झटकला. पण दुसरा मोजा काही तिनं पिळला नाही. बादली तिथेच टाकून ती वर आली. संडासाचं दार सताड उघडं. गोठ्यात नुसती म्हैस. आतल्या खोलीत अंथरुणाची घडी घातलेली, काठी भिंतीला टेकवलेली आणि खुंटीवर काकाचं जॅकेट.

ती तशीच बाहेर आली. समोरच्या दरीतून धुकं वर सरकत होतं. धुकं आलं की या गावात हाताला हात दिसत नाही, हे तिनं आदल्या दिवशी बघितलं होतं. आणि काका नुसत्या शर्टावर गेला होता.

दुसऱ्या कोणाचा नवरा असता तर ती म्हणाली असती, गेला असेल पाय मोकळे करायला. काकू तसं म्हणू शकत नव्हती. का, ते फक्त तिला माहीत होतं.

दीनाकाका म्हणजे दीनानाथ. चिंचवडचा माणूस. तरुणपणी सिंगापूरला आला आणि जुरोंग आयलंडवर एका केमिकल प्लँटमध्ये चिकटला तो रिटायर होईपर्यंत. पहाटे कंपनीची बस, गेटवर पास, दिवसभर हेल्मेट, संध्याकाळी परत बस. राहायला बेडोकला, आमच्याच ब्लॉकमध्ये, अकराव्या मजल्यावरचा फ्लॅट. गप्पिष्ट, खवय्या, आणि सेफ्टीच्या बाबतीत पार डोक्यात जाणारा. लग्नाचा हॉल असो की मॉल, आत शिरला की आधी विचारणार, "आग लागली तर बाहेर कुठे उभं राहायचं?" ऋचाच्या, म्हणजे त्यांच्या मुलीच्या लग्नात त्यानं व्याह्यांना जेवणाआधी पार्किंगमध्ये नेऊन जागा दाखवली होती. व्याही अजून हसतात. हसू देत. ते काय जुरोंग आयलंडवर राबले नाहीत.

प्लँटवर भोंगा वाजला की हातातलं काम टाकायचं, विंडसॉक बघायचा. विंडसॉक म्हणजे उंच खांबावरची नारिंगी कापडी नळी, वारा कुठून येतोय ते सांगणारी. वाऱ्याच्या तोंडाकडे चालायचं, उंचावर जायचं, कारण जड गॅस खाली साठतो. असेंब्ली पॉइंटला जाऊन उभं राहायचं. वॉर्डन नाव पुकारणार, तुम्ही ओरडून सांगणार की आलो. आणि शेवटचा माणूस मोजला जाईपर्यंत कोणी हलायचं नाही. हे सगळं काकूला तोंडपाठ, कारण आमटी-भाताबरोबर हेच वाढलं जायचं. घरात तर त्याचा विनोदच झाला होता. काकूनं जेवायला हाक मारली की काका आतून ओरडायचा, "शिफ्ट बी, दीनानाथ, हियर!"

रिटायर झाला आणि सगळं हळूहळू उसवायला लागलं. एकदा खाली कोपी, म्हणजे तिथली कॉफी, प्यायला गेला तो परत येताना शेजारच्या ब्लॉकमध्ये शिरला. अकरावा मजला, तोच कोपरा, आणि एका मलाय कुटुंबाच्या दाराला आपली किल्ली लावत बसला. त्या घरातली म्हातारी मक्चिक, म्हणजे मलाय मावशी, त्याला हाताला धरून घरी घेऊन आली. काकू तिला म्हणाली, "ब्लॉक सगळे सारखेच हो, कोणीही चुकेल." एकदा त्यानं कपडे वाळत घालायचा बांबू खिडकीबाहेर लावला, नीट, पक्का, आणि त्याच्यावर एकही कपडा नाही. काकू म्हणाली, "बरं झालं, पाऊसच येणार होता." एकदा हॉकर सेंटरमध्ये, म्हणजे खाण्याच्या स्टॉल्सच्या मोठ्या मंडपात, त्याला टेबल सापडेना, ट्रे घेऊन तो नुसता फिरत राहिला. तिनं मागून जाऊन त्याला हाताला धरलं, तर त्यानं झटका मारून हात सोडवला, लक्साचं सगळं सूप जमिनीवर. काकू म्हणाली, "गर्दीच किती होती."

दर वेळी काकूकडे एक कारण तयार. ऋचा सेरंगूनला राहते, बँकेत नोकरी, दोन पोरं. तिला काकूनं यातलं अक्षर सांगितलं नव्हतं. सांगितलं की डॉक्टर, डॉक्टर आला की ते नाव, आणि ते नाव एकदा घरात आलं की काका काका राहणार नाही, पेशंट होणार. याची तिला जी धास्ती होती तेवढी तर कशाचीच नव्हती. आणि काकू मुळातच घाबरट. अकराव्या मजल्यावर राहून कधी खिडकीपाशी उभी राहिली नाही.

नेपाळचं तिकीट ऋचानंच काढलं, रिटायरमेंटचं बक्षीस म्हणून. काकाला जन्मभर डोंगर बघायचे होते. सिंगापुरात सगळ्यात उंच ते बुकित तिमाह, ते बघून काका म्हणायचा, "हा डोंगर? एवढा तर आमच्या चिंचवडला कचऱ्याचा ढीग असतो." मग दोघं ब्लॉकचे जिने चढून तयारी करायला लागले. सॅकमध्ये तांदळाची पिशवी टाकून अकरा मजले वर, लिफ्टनं खाली. शेजारचे चिनी अंकल रोज विचारायचे, "एव्हरेस्ट आह?" काका म्हणायचा, "वॉर्म अप लाह!"

काकूला वाटलं होतं, नवी जागा, नवी हवा, डोकं ताजं होईल त्याचं. चूक तिथेच झाली. बेडोकमध्ये काका डोक्यानं चालत नव्हता, सवयीनं चालत होता. लिफ्टचं बटण, बसचा नंबर, ब्लॉकचा नंबर. या गावात नंबरच नव्हते. दगडी पायऱ्या, दगडी छपरं, कपाळाला पट्टा लावून पाठीवर डोको, म्हणजे टोपल्या वाहणाऱ्या बायका, आणि सगळ्या वाटा सारख्याच.

पण खोटं कशाला बोलायचं, पहिले दोन दिवस काका इतका खूश होता की तिला रडू आलं. नाचणी पायानं पसरायचा. म्हशीशी मराठीत बोलायचा. नाचणीच्या पिठाचा ढिंडो खाऊन म्हणाला, "अगं, ही तर आपली उकडच की! तुझ्यापेक्षा बरी झालीय." ज्याच्या घरी उतरले तो रेशम गुरुंग सिंगापूरच्याच गुरखा पोलिसातून रिटायर झालेला, त्यांची छावणी माउंट वर्ननला. त्याला काका म्हणाला, "मी जुरोंग." तो म्हणाला, "मैं माउंट वर्नन!" आणि दोघं जुने मित्र असल्यासारखे हसायला लागले.

पहिल्याच दिवशी काकानं वर, डोंगरमाथ्यावर बघितलं होतं. तिथे एका उंच बांबूला मंत्र छापलेला लांब कापडी पट्ट्याचा झेंडा बांधलेला, एके काळी नारिंगी असणार, आता पार विटलेला. काका म्हणाला, "वारा दरीतून वर येतोय. ठीक आहे." काकूला वाटलं गंमत करतोय. आणि आदल्या दुपारी गावातल्या गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात, लांबलचक शिंग वाजलं होतं. घुमणारा, हाडात शिरणारा आवाज. काका ताडकन उठून उभा राहिला. "आज बुधवार का? भोंग्याची टेस्ट आहे?" मग तिच्याकडे बघून हसला. "च्यायला, विसरलोच. रिटायर झालो ना मी."

काकूही हसली होती.

आता ती अंगणात उभी राहून ओरडत होती. "अहो! अहो, ऐकताय का?" आवाज धुक्यात जाऊन बसला, परत काही आला नाही.

रेशमदाई, म्हणजे तिकडच्या बोलीत रेशमदादा, कोयता टाकून धावत आला. शेजारपाजारचे आले. रेशमदाईनं सगळ्यांना भराभर वाटा वाटून दिल्या. "दिदी, हरवलेला माणूस उताराला लागतो," तो हिंदीत म्हणाला. "चढ कोण चढणार? खाली नदीकडे बघू."

सगळे खाली गेले. काकूही गेली. एका बाजूला डोंगर, दुसऱ्या बाजूला काहीच नाही. ती भिंतीला हात घासत घासत उतरत होती, हाताची सालं निघाली तरी भिंत सोडेना. एका वळणावर एक पोरगी थबकली आणि तिनं दरीत बोट केलं. खाली दगडांवर काहीतरी पांढरं पडलेलं होतं. काकाचा शर्ट पांढरा होता.

काकूनं भिंत घट्ट धरली. ती खाली बसली. तिला बघायचं नव्हतं आणि डोळे मिटताही येत नव्हते. रेशमदाई झाडाला धरून पुढे वाकला. बराच वेळ वाकून राहिला.

"बोरी है, दिदी. खताचं पोतं आहे."

ती हसली की रडली ते तिलाही आठवत नाही. पण बसल्या बसल्या तिच्या डोक्यात एकदम लख्ख झालं. खाली? काका खाली कशाला जाईल? जड गॅस खाली साठतो. हे तर तिनं जन्मभर आमटीबरोबर ऐकलं होतं.

"दाई, काल वाजलं ते शिंग," ती म्हणाली, "ते आजही वाजतं का? याच वेळी?"

रेशमदाई तिच्याकडे बघायला लागला. "क्यों?"

"मी धाऱ्यावर होते, पाण्याच्या आवाजात मला काही ऐकू आलं नाही. पण त्यांनी ऐकलं असणार. त्यांना वाटलं भोंगा वाजला. ते खाली नाही गेलेत हो. ते वर गेलेत. त्या झेंड्यापाशी!"

 रेशमदाईनं एकदा वर बघितलं, एकदा तिच्याकडे, आणि निघाला.

वरची वाट म्हणजे नुसत्या पायऱ्या. कोणीतरी दगडावर दगड ठेवलेले, काही हलणारे, काही शेवाळलेले. अकरा मजले चढायची सवय होती म्हणून काकू टिकली. पण त्या जिन्याला कठडा होता, दिवा होता. इथे धुक्यात पुढची पायरी पाय टाकल्यावरच कळायची. मधेच खालून दगड सुटला, गडगडत गेला, आणि तो खाली आपटल्याचा आवाज आलाच नाही. तिनं देवाला नवस वगैरे काही केला नाही. तिच्या डोक्यात एकच चालू होतं. झेंडा असू दे. झेंड्याखाली माणूस असू दे.

आधी कापड फडफडल्याचा आवाज आला. मग बांबू दिसला. मग काका.

तो बांबूपाशी ताठ उभा होता. हात मागे, पाय थोडे फाकवून, प्लँटवर उभे राहतात तसा. ओठ निळे पडलेले, अंग कुडकुडत होतं, पण जागेवरून हलत नव्हता. त्याच्या मागे दोन पावलांवर जमीन संपत होती. तिथून वारा वर येत होता आणि धुकं उकळल्यासारखं उठत होतं.

"अहो!"

त्यानं वळून बघितलं. चेहऱ्यावर ओळखीचं काही म्हणजे काही नव्हतं. रस्त्यावरच्या बाईकडे बघावं तसं बघितलं त्यानं.

"पास?" तो म्हणाला. "व्हेअर युअर पास?"

रेशमदाई हळूच बाजूनं पुढे सरकला. त्याला पकडायचं होतं. काकूनं त्याच्या बाहीला धरून मागे ओढलं. "हात लावू नका. हात लावला की झटका देतात ते." तिच्या डोळ्यांसमोर हॉकर सेंटरमधला तो ट्रे आला. इथे मागे टाइल्स नव्हत्या.

"डोन्ट गो बॅक इन," काका म्हणाला. "हेडकाउंट नॉट डन."

काकू सांगते, त्या क्षणी ती जेवढी घाबरली तेवढी आयुष्यात कधी घाबरली नाही, आणि त्याच क्षणी तिची भीती कुठेतरी बाजूला जाऊन उभी राहिली. तिनं ओढणी सारखी केली. छाती भरून श्वास घेतला. आणि ज्या बाईनं कधी बसमध्ये उतरायला म्हणून आवाज चढवला नव्हता, ती ओरडली, "शिफ्ट बी! हेडकाउंट!"

काका ताठ झाला.

"दीनानाथ!"

"शिफ्ट बी, दीनानाथ, हियर!"

"रेशम गुरुंग!"

रेशमदाई शेवटी पोलिसातला माणूस. त्याला एवढं पुरलं. टाच आपटून त्यानं सलाम ठोकला. "हियर, सर!"

"ऑल क्लिअर," काकू म्हणाली. "चला. सगळे चला खाली."

काका हलला नाही. "नॉट क्लिअर. वन शॉर्ट."

"कोण राहिलं?"

"माझी मिसेस." मराठीत म्हणाला.  "खाली मोजे धूत होती. पाण्याजवळ बसली की तिला काही ऐकू येत नाही. भोंगा नसणार गेला तिच्या कानावर. मी इथे सांगतोय सगळ्यांना, कोणी ऐकतच नाही. ती आल्याशिवाय मी नाही हलणार." आणि त्यानं एक पाऊल मागे घेतलं, खाली वाकून दरीत बघायला. "संजू! ए संजू!"

एकच पाऊल उरलं होतं.

"अहो, मीच ती," हे काकूच्या जिभेवर आलं होतं. ती म्हणाली नाही. म्हणाली असती तर त्यानं परत पास मागितला असता, चिडला असता, मागे सरला असता. ती गर्रकन वळली आणि पायऱ्या उतरून धुक्यात नाहीशी झाली. रेशमदाईला वाटलं बाई पळून गेली. दिसेनाशी झाल्यावर तिनं खालूनच पुकारलं, "संजीवनी!" आणि स्वतःच ओ दिली. "हियर! हियर! आले, आले हो, थांबा!" आणि धापा टाकत, पायऱ्यांवर मुद्दाम पाय आपटत, ती परत वर आली.

काकानं बघितलं. या वेळी बघितलं.

"किती उशीर!" तो खेकसला. "भोंगा ऐकू आला नाही?"

"नाही हो. पाण्याचा आवाज होता."

"आणि मोजे?"

"राहिले तिथेच."

"राहू देत. मोज्यांसाठी कोणी परत आत जात नाही." त्यानं कड्याकडे पाठ केली, चार पावलं तिच्याकडे आला आणि तिचा सोललेला हात हातात घेतला. "हे काय गं? पडलीस कुठे?"

"क्लिअर?" तिनं विचारलं. 

"ऑल क्लिअर," काका म्हणाला.

उतरताना रेशमदाई पुढे, मधे काका, मागे काकू. काकूनं त्याच्या पँटचा पट्टा मागून मुठीत धरला होता तो थेट चुलीपाशी येऊन सोडला. रेशमदाईच्या बायकोनं त्याला दोन घोंगड्यांत गुंडाळलं, गरम पेज पाजली. तो तिथेच झोपला. चुलीपाशी रेशमदाई काकूशी काहीतरी बोलला, बराच वेळ. काय बोलला विचारलं तर काकू म्हणते, "असंच, हवापाण्याचं."

दुसऱ्या दिवशी सकाळी गावात जिथे फोनला रेंज येते त्या दगडावर काकू चढली. ज्या दगडाकडे आदल्या दिवशीपर्यंत लांबून बघितलं तरी ती डोळे मिटायची. ऋचाला म्हणाली, "बाबांना दाखवायला लागेल. डॉक्टरला. मी आल्या आल्या."

"आई? काय झालं? कधीपासून?"

"बऱ्याच दिवसांपासून," काकू म्हणाली. आणि लगेच जोडून, "पण काल ते शिंग वाजलं ना, त्यानं जास्त गोंधळले गं. अगदी भोंग्यासारखं वाजतं. कोणीही गोंधळेल."

ते नाव घरात आलं. काका आता आठवड्यातले बरेच दिवस डे-केअरला जातो. गळ्यात तिथलं कार्ड असतं, बस न्यायला येते, त्यामुळे त्याला वाटतं शिफ्टला चाललाय. काकू दारात उभी राहून हात करते. गणपतीत चार लोक जमले की नेपाळची गोष्ट निघतेच आणि काकू दर वेळी शिंगापासून सुरुवात करते. कोणी दात काढले तर त्याला मी बाहेर कॉरिडॉरमध्ये बोलावून घेतो. मग तो परत काढत नाही.

२०१९ मध्ये रेशमदाई जुन्या दोस्तांना भेटायला सिंगापूरला आला. बेडोकच्या हॉकर सेंटरमध्ये कोपी पिताना त्याच्याजवळ मी त्या शिंगाचा विषय काढला. त्यानं कप खाली ठेवला. म्हणाला, त्या दिवशी गोम्पाला कुलूप होतं. पलीकडच्या गावात मयत झालं होतं, लामा पहाटेच शिंगं घेऊन तिकडे गेले होते. गावात त्या दिवशी काहीच वाजलं नव्हतं. हे त्यानं काकूला त्याच संध्याकाळी चुलीपाशी सांगितलं होतं.